वाचकांचे प्रश्न : आमवात, हार्मोन्स आणि दादरचा पूल

प्रश्न : डॉक्टर, मी ५३ वर्षांची. मुलुंडला राहते, प्रभादेवीला बँकेत नोकरी करते. थोरल्याच्या जन्मानंतर आमवात मागे लागला. धाकटीच्या वेळी दिवस गेले तेव्हा हात इतके मोकळे झाले की वाटलं, सुटले. ती तीन महिन्यांची झाली आणि बोटं पुन्हा सुजली. आता पाळी जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून दुखणं वाढलंय, रात्री अंगातून वाफा निघतात. माझी आई ५८व्या वर्षी हार्ट अटॅकने गेली. शेजारच्या वहिनी हार्मोनच्या गोळ्या घेतात, हृदयाला चांगल्या असतात म्हणतात. गरोदरपणात ज्या हार्मोन्सनी मला बरं केलं, तीच आता बाहेरून घेतली तर सांधे आणि हृदय दोन्ही सांभाळले जातील ना? कोलेस्टेरॉल १६० आहे, म्हणजे नॉर्मल. आमवातासाठी रविवारची मेथोट्रेक्सेट चालू आहे, आता संधिवाताच्या डॉक्टरांनी टोफासिटिनिब ही गोळी सुचवली आहे. फारच दुखलं तर प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी आणि डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक घेते, केमिस्ट ओळखीचा आहे. गणपतीत मोदक वळायचे असतात तेव्हा जरा जास्त. हल्ली दादर स्टेशनचा पूल चढताना दम लागतो आणि डावा खांदा भरून येतो, पण तो आमवाताचाच असणार.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. त्यापासूनच सुरुवात करते.

खांद्याच्या सांध्याचं दुखणं वेणी घालताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना कळतं. पूल चढताना भरून येणारा आणि वर पोचून दोन मिनिटं थांबल्यावर ओसरणारा खांदा हृदयाचा आहे असं धरूनच तपासायचा. आमवाताच्या बायकांना इतकी वर्षं दुखण्याची सवय झालेली असते की नवं दुखणंही त्या जुन्याच खात्यात जमा करतात. तुम्ही बँकेतल्या, तुम्हाला कळेल. आणि ‘छातीत कळ’ हे लक्षण बायकांमध्ये दर वेळी ठळक नसतं. दम, घाम, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, एवढ्यावरच कधी कधी भागतं.

तेव्हा याच आठवड्यात हृदयतज्ज्ञांना दाखवा. खाजगीत जमत नसेल तर पालिकेची केईएम, सायन, नायर रुग्णालयं आहेतच. साधा ईसीजी नॉर्मल आला म्हणून परत फिरू नका, बसलेल्या माणसाचा ईसीजी पुलावरची गोष्ट सांगत नाही. गुडघ्यांमुळे ट्रेडमिलवर चालता येणार नसेल तर तसं आधीच सांगा. औषध देऊन करायची स्ट्रेस एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, असते, सीटी अँजिओग्राफी असते. तोपर्यंत पूल टाळा. आणि असं कधी बसल्या जागी झालं तर घरच्यांना विचारत बसू नका, १०८ लावा.

आता हार्मोन्स. गरोदरपणातलं तुमचं निरीक्षण पक्कं आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनीही हेच टिपलं होतं, की दिवस गेले किंवा कावीळ झाली की आमवाताच्या रुग्णांना आराम पडतो. शरीरातच असं काहीतरी तयार होत असणार, हा माग धरून ते मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींच्या हार्मोनपर्यंत पोचले. सप्टेंबर १९४८मध्ये त्यांनी एका तरुण रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन टोचलं. जेमतेम हलता येणारी ती बाई थोड्याच दिवसांत चालायला लागली. १९५०चं नोबेल हेंच यांना, केंडल आणि राइखस्टाइन या संशोधकांसह, याच कामासाठी मिळालं. आज मिळणारी प्रेडनिसोलोन ही त्याच घराण्यातली. म्हणजे ताई, हार्मोन घ्यावं की नाही असं तुम्ही मला विचारताय, आणि एक हार्मोन तर तुम्ही केमिस्टच्या ओळखीवर घेतच आहात! हृदयाचा विचार केला तर मला भीती आहे ती याच गोळीची. ती बीपी वाढवते, साखर वाढवते, पोटावर चरबी आणते, हाडं पोकळ करते. डोस जितका मोठा आणि जितके जास्त दिवस, तितका हृदयाला धोका. वर डायक्लोफेनॅक, जी स्वतःच हार्ट अटॅकचा धोका वाढवते. मोदक जावेला वळू द्या.

पण हे वाचून गोळी तडकाफडकी बंद करू नका. बरेच आठवडे रोज घेतलेली असेल तर मूत्रपिंडांवरच्या त्या ग्रंथींनी आपलं काम थांबवलेलं असतं. बाहेरचा पुरवठा एकदम तोडला तर बीपी कोसळू शकतं. तुम्ही नेमक्या किती आणि कधी घेता ते संधिवाताच्या डॉक्टरांना खरं खरं सांगा आणि ते सांगतील तशी उतरवा. बऱ्याच जणी तिथेच लपवतात. मग मूळ औषध कमी पडतंय हे डॉक्टरांना कळणार कसं?

कारण मुख्य प्रश्न न बसलेल्या सुजेचा आहे. सांधे सुजवणारी रसायनं रक्तातून सगळीकडे फिरतात, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही त्रास देतात. म्हणून आमवात असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना तर नेहमीच्या धोक्याच्या आकड्याला सरळ दीडने गुणायला सांगते. तुमच्या १६० कोलेस्टेरॉलवरही मी खूश नाही. सूज पेटलेली असताना कोलेस्टेरॉल खोटं खोटं खाली येतं. उपचार लागू पडले की ते थोडं वर जाईल, तेव्हा घाबरू नका. रिपोर्ट वाचताना शेजारी सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, ठेवूनच वाचायचा. मेथोट्रेक्सेट मात्र नेमाने घ्या. ती घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णांत हृदयाचे झटके कमी दिसतात.

वहिनींच्या गोळ्यांचं म्हणाल तर पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटतं आणि हृदयाचा धोका वाढतो, हे खरं. त्यावरून इस्ट्रोजेन परत दिलं की हृदय वाचेल असं एके काळी आम्ही डॉक्टरही मानत होतो. अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवर त्याची चाचणी झाली. २००२मध्ये ती मध्येच थांबवावी लागली, कारण इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या, हृदयाचे झटके वाढलेले दिसले. त्यातल्या बऱ्याच जणी साठीच्या पुढच्या होत्या. पाळी नुकतीच गेलेल्या बाईचं गणित थोडं वेगळं असतं. वाफा असह्य असतील तर त्यासाठी हार्मोन्स मिळू शकतात, आणि तेव्हा गोळीपेक्षा त्वचेवर लावायचं जेल किंवा पट्टी गुठळीच्या दृष्टीने बरी. पण हृदयासाठी म्हणून ती घ्यायची नाहीत, सांध्यांसाठीही नाहीत. आणि तुमच्या बाबतीत तर पुलाचा उलगडा होईपर्यंत मुळीच नाहीत.

टोफासिटिनिब स्वस्त झाली आहे, इंजेक्शनपेक्षा सोपी आहे, म्हणून हल्ली पटकन लिहिली जाते. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयाचा एखादा धोका असलेल्या आमवाताच्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टीएनएफ हे सूज वाढवणारं रसायन रोखणाऱ्या इंजेक्शनांपेक्षा या गोळीवर हृदयाचे झटके आणि कर्करोग जास्त आढळले. हृदयाच्या तपासण्या हातात येईपर्यंत ती सुरू करू नये, हे माझं मत. तुमच्या डॉक्टरांना पुलाबद्दल सांगितलंत की बहुधा तेही हेच म्हणतील. आई कोणत्या वयात, कशाने गेली तेही सांगा.

रक्त देणारच आहात तर टीएसएच ही थायरॉईडची तपासणीही करून घ्या. आमवाताबरोबर थायरॉईड मंदावणं बरंच आढळतं आणि त्याने कोलेस्टेरॉल चढतं.

प्रश्न : वय ४९, मला आमवात आहे. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी आलं. जिमवाले म्हणतात इंजेक्शन घ्या, ताकद येईल, सांधेही सुधारतील. हृदयाला चालेल का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : जिमवाल्यांनी वजनं मोजावीत. सूज जास्त असली किंवा स्टेरॉइड चालू असलं तरी टेस्टोस्टेरॉन खाली येतं. आधी आमवात आटोक्यात आणा, मग सकाळी लवकर, दोन वेगवेगळ्या दिवशी पुन्हा तपासा. तरीही कमी असेल आणि लक्षणंही असतील तर एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर, ठरवतील. २०२३मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत, तपासून सिद्ध झालेली कमतरता असलेल्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉनच्या जेलने हार्ट अटॅक वाढले नाहीत. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं थोडं जास्त दिसलं. जिमच्या लॉकरमधलं इंजेक्शन हा वेगळाच प्रकार. त्यात किती आणि काय भरलंय हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. तुम्ही सिगारेट ओढता का ते लिहिलं नाहीत. ओढत असाल तर टेस्टोस्टेरॉनचं नंतर बघू, आधी ती सोडा. आमवात आणि हृदय, दोन्ही तिच्यामुळे बिघडतात.