तारण गेलं की काय, या भीतीबद्दल

भावा, बाप्तिस्म्यानंतर लोकलच्या गर्दीत तोंडातून शिवी गेली आणि तारण, म्हणजे पापापासून देवाने केलेली सुटका, गमावलं असं वाटतंय, हे वाचलं. आधी शांत हो. मलाही पहिल्या वर्षी रात्र रात्र झोप नव्हती.

बायबलमधलं योहान 10:28-29 रोज वाच. तिथे मेंढरं, म्हणजे आपण, मेंढपाळ येशूच्या हातात आहेत. वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत चढणीवर बघ: पोराची मूठ सैल पडते, पण बापाने मनगट पकडलेलं असतं.

नव्यांच्या चुका ठरलेल्या:

- आज प्रार्थनेत मन लागलं की नाही, यावर तारण मोजणं.
- बायबलमधल्या इब्री पत्राचा अध्याय 6 एकटाच वाचून घाबरणं. तो इशारा ख्रिस्ताकडे पाठ फिरवण्याबद्दल आहे, एका शिवीबद्दल नव्हे.
- ‘तारण पक्कं, मग काहीही चालेल’ म्हणणं. ही सगळ्यात वाईट. पाप झालं की त्याच दिवशी कबूल कर, 1 योहान 1:9 त्यासाठीच आहे.

प्रोटेस्टंट सुधारक कॅल्विनच्या परंपरेतले म्हणतात खरं तारण जात नाही. मेथडिस्ट आणि कॅथलिक म्हणतात, जाऊ शकतं. 1618-19 च्या नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या चर्चसभेपर्यंत मागे जाणारा हा वाद सध्या बाजूला ठेव. येत्या रविवारी उपासनेनंतर पाळकांना गाठ, हेच सगळं त्यांना सांग.