पहिला रोलर कोस्टर: भित्र्या मुलाला कसं बसवाल

खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कात नायट्रो या मोठ्या कोस्टरकडे वळूच नका. सुरुवात गोल्ड रश एक्स्प्रेस या सौम्य कोस्टरने करा. उंचीची अट आधीच तपासा, रांगेच्या तोंडाशी नकार मिळाला की मूल हिरमुसतं. बाहेरून दोन फेऱ्या पूर्ण बघू द्या, उतरणाऱ्या मुलांचे चेहरेही. शेवटचा डबा टाळा: पुढचे डबे त्याला उतारावर खेचतात, म्हणून तिथे बूड सीटवरून जास्त उचललं जातं. मधला बरा. मांडीवरचा दांडा दोघांत एकच असेल तर तो तुमच्या मांडीला अडतो आणि मूल सैल राहतं. ऑपरेटरला तपासायला सांगाच. उतारावर मुलं श्वास रोखतात, म्हणून मोठ्याने ओरडायला शिकवा. "काही होत नाही" म्हणू नका. "पोटात गोळा येईल, मग जाईल" असं खरं सांगा. रांगेत रडू फुटलं तर सरळ बाहेर या, मागच्यांची भीड नको.