अल्बुमिन २.६ आणि स्वॅब अजून पॉझिटिव्ह : बाटली लावून विषाणू लवकर जाईल का?

पुढे वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वडील ६८ वर्षांचे, वजन ६० किलो, कोरोनाच्या न्यूमोनियामुळे दाखल, ऑक्सिजन चालू. दाखल केलं त्या दिवशी अल्बुमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) ३.७ ग्रॅम प्रति डेसिलिटर होतं, पाचव्या दिवशी २.६ आलं. लक्षणं सुरू होऊन १४ दिवस झाले तरी स्वॅब पॉझिटिव्ह. रक्तातली प्रथिनं कमी असलेल्या रुग्णांच्या अंगातून विषाणू उशिरा जातो, असं सांगणारा एक शोधनिबंध नातेवाइकांनी पाठवलाय. तेव्हा अल्बुमिनच्या बाटल्या लावायचा आग्रह धरावा का, आणि पोटात अन्न कमी गेल्यामुळे हे झालं का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण कारणं कळली तर डॉक्टरांशी नेमकं बोलता येईल, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जेवणाचं. अल्बुमिन यकृतात तयार होतं, दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम, आणि शरीरातलं निम्मं अल्बुमिन झिजायला जवळजवळ तीन आठवडे लागतात. हिशोब करून बघा : दाखल झाल्या क्षणापासून यकृताने अल्बुमिन बनवणं पूर्ण बंद केलं असतं, तरी पाच दिवसांत ३.७ चं ३.१ च्या आसपास झालं असतं. २.६ पर्यंतची घसरण त्यातून निघत नाही. उरलेलं अल्बुमिन नष्ट झालेलं नाही, ते रक्तवाहिन्यांच्या बाहेर झिरपलंय. निरोगी माणसातही दर तासाला रक्तातलं सुमारे ५ टक्के अल्बुमिन केशवाहिन्यांतून बाहेर पडतं आणि लिम्फ वाहिन्यांमार्गे परत येतं. तीव्र दाहात, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया भडकते तेव्हा, केशवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात, बाहेर जाणारं वाढतं आणि परत येणारं त्याला पुरं पडत नाही. त्याच वेळी इंटरल्युकिन-६ सारखे दाहाचे संदेश यकृताचं काम बदलतात : सीआरपी (दाह किती आहे हे सांगणारं प्रथिन), फेरिटिन, फायब्रिनोजेन अशी दाहातली प्रथिनं वाढवायची आणि अल्बुमिन मागे ठेवायचं. त्यात सलाईन भरपूर गेलं असेल तर रक्त पातळ होऊन आकडा आणखी खाली येतो. त्यामुळे आपण नीट खाऊ घातलं नाही ही बोच मनातून काढून टाका. पाच दिवसांच्या अर्धपोटी राहण्याने हा आकडा येत नाही.

हे पहिल्यापासून दिसत आलंय. वुहानच्या जिनयिनतान रुग्णालयात १ ते २० जानेवारी २०२० दरम्यान दाखल झालेल्या ९९ रुग्णांपैकी ९७ जणांचं अल्बुमिन कमी होतं. मात्र तिथे सामान्य पातळीची खालची मर्यादा ४० ग्रॅम प्रति लिटर धरली होती. आपल्या रिपोर्टवर एकक ग्रॅम प्रति डेसिलिटर असतं आणि खालची मर्यादा बहुधा ३.५. तिकडच्या आकड्याला १० ने भागा आणि मगच तुलना करा. तिथे कमी ठरलेला ३८ हा आकडा इथे ३.८ होतो, म्हणजे आपल्या लॅबच्या लेखी सामान्य. असे निबंध एकक आणि मर्यादा न बघता वाचले की घबराट वाढते.

आता त्या निबंधाकडे. २०२० मध्ये चीनमध्ये डिस्चार्जसाठी २४ तासांच्या अंतराने सलग दोन स्वॅब निगेटिव्ह लागत. भारतातही ८ मे २०२० ला धोरण बदलेपर्यंत तसंच होतं. त्यामुळे स्वॅब किती दिवसांनी निगेटिव्ह झाला याची नोंद प्रत्येक केसपेपरवर आयती होती, आणि ती दाखल होतानाच्या रक्ततपासण्यांशी जुळवून असे बरेच अभ्यास झाले. अल्बुमिन कमी असलेल्यांचा स्वॅब उशिरा निगेटिव्ह होतो, हे त्यांत दिसणं स्वाभाविक आहे, कारण दोन्हींच्या मागे तीच माणसं उभी असतात : वयस्क, मधुमेही, मूत्रपिंड किंवा यकृत आधीच अधू असलेली, लिम्फोसाइट (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटलेली, आजार जास्त भडकलेली. आकडेशास्त्राने वय आणि आजाराची तीव्रता वेगळी काढली तरी सगळं वेगळं निघत नाही, कारण दाह किती आहे हे अल्बुमिनच पुष्कळदा सीआरपीइतकं चांगलं सांगतं. शिवाय स्वॅब दोन-तीन दिवसांआड घेत, त्यामुळे ‘निगेटिव्ह झाल्याचा दिवस’ मुळात अंदाजे. काही अभ्यासांत दगावलेले रुग्ण गणतीतूनच वगळतात. आणि ज्या आकड्याखाली धोका सांगितलेला असतो, तो बहुतेकदा त्याच रुग्णांच्या माहितीतून काढलेला असतो, दुसऱ्या रुग्णालयात पडताळलेला नसतो. तुमच्या हातातल्या निबंधात या चार गोष्टी शोधा. एवढ्यावरून त्याचं वजन कळेल.

विषाणूचा निपटारा अल्बुमिन करत नाही, तो करतात टी पेशी (एक प्रकारच्या लिम्फोसाइट), इंटरफेरॉन (विषाणूविरोधी संदेश देणारी प्रथिनं) आणि प्रतिपिंडं (अँटीबॉडी). ही प्रतिपिंडं रक्तातल्या ग्लोब्युलिन या गटात मोडतात. म्हणूनच दुसऱ्या आठवड्यात अल्बुमिन खाली, ग्लोब्युलिन वर आणि ए/जी (अल्बुमिन भागिले ग्लोब्युलिन) गुणोत्तर १ च्या खाली, असा रिपोर्ट येतो. लाल अक्षरात छापलेलं ते गुणोत्तर बघून नातेवाईक घाबरतात, पण त्यातला ग्लोब्युलिनचा वाटा अनेकदा शरीर लढत असल्याचा असतो. विषाणू खरोखर महिनोन् महिने रेंगाळतो तो रिटुक्सिमॅब (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी कमी करणारं औषध) घेतलेल्या, लिम्फोमा (लिम्फोसाइटचा कर्करोग) असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत, जिथे प्रतिपिंडं किंवा टी पेशीच नीट तयार होत नाहीत. वडिलांना यातलं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. विषाणूच्या दृष्टीने ती माहिती अल्बुमिनच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

१४ व्या दिवशी स्वॅब पॉझिटिव्ह असणं यातही वावगं काही नाही. वुहानच्या दोन रुग्णालयांतल्या १९१ रुग्णांच्या अभ्यासात, वाचलेल्या रुग्णांमध्ये विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय अंश) दिसण्याचा मध्यक २० दिवस होता आणि सर्वांत लांबलेला ३७ दिवस. आरटीपीसीआर, म्हणजे स्वॅबची ही तपासणी, मेलेल्या विषाणूचे तुकडेही पकडते. सौम्य आजारात जिवंत विषाणू साधारण १० दिवसांनंतर वाढवता येत नाही. गंभीर आजारात ही मुदत २० दिवसांपर्यंत धरतात, प्रतिकारशक्ती दबलेली असेल तर त्याहून जास्त. सीटी व्हॅल्यू (किती चक्रांनंतर विषाणू दिसला तो आकडा, जितका कमी तितका विषाणू जास्त) मिळाली तर बघा, पण तिचा अर्थ जपून लावा : साधारण ३.३ ने फरक पडला की विषाणूचं प्रमाण दहापट बदलतं, म्हणजे २४ आणि ३४ मध्ये सुमारे हजारपटीचं अंतर. उलट काल ३१ आणि आज २९ आली तर आजार वाढला असं नाही. स्वॅब किती खोलवर फिरवला, किट कुठलं, एवढ्यानेही तेवढा फरक पडतो.

बाटलीचं गणितही मांडतो, कारण ती महाग असते आणि नातेवाइकांची धावपळ तिच्याचसाठी होते. २० टक्क्यांची १०० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे २० ग्रॅम अल्बुमिन. रक्तातला द्रव सुमारे ३ लिटर धरला तर लगेच ०.६ ते ०.७ ने आकडा वाढलेला दिसेल, २.६ चं ३.२ होईल आणि सगळ्यांना हायसं वाटेल. पण केशवाहिन्या झिरपत असताना हे अल्बुमिनही बाहेर जातं आणि दोन दिवसांत आकडा मूळपदावर येतो. मधल्या वेळेत ते पाणी ओढून रक्ताचं आकारमान वाढवतं, आणि न्यूमोनियाने आधीच ओल्या झालेल्या फुप्फुसांना ते सोसत नाही. इटलीतल्या १०० आयसीयूंमध्ये १८०० हून अधिक गंभीर सेप्सिसच्या (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या) रुग्णांवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले, अल्बुमिन ३ पर्यंत उचलून धरलं तरी मृत्यूंत फरक पडला नाही. सिरॉसिसच्या (यकृत कडक होऊन निकामी होण्याच्या) रुग्णांवरच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत तर फायदा दिसला नाहीच, उलट फुप्फुसात पाणी होण्याचे प्रकार वाढले. बाटलीला जागा आहे : सिरॉसिसमध्ये पोटातलं पाणी जास्त प्रमाणात काढताना, किंवा रक्तदाब टिकत नाही आणि सलाईन आधीच खूप गेलंय अशा वेळी, डॉक्टरांच्या निर्णयाने. स्वॅब निगेटिव्ह करण्यासाठी मात्र नाही.

मग आता करायचं काय? अल्बुमिन एकटं बघू नका, सीआरपीच्या शेजारी ठेवून बघा. दाह शमला की सीआरपी एक-दोन दिवसांत निम्मा होतो, अल्बुमिन मात्र हळूहळू सावरतं. सीआरपी उतरतोय, ऑक्सिजन कमी लागतोय आणि अल्बुमिन २.६ वरच थांबलंय, तर गाडी योग्य दिशेने आहे. सीआरपी चढा आणि अल्बुमिन २.६ वरून २.२, तर नवा जंतुसंसर्ग शोधायला हवा. टॉसिलिझुमॅब (इंटरल्युकिन-६ ला अडवणारं औषध) दिलं असेल तर सीआरपीवर विसंबू नका, ते औषध सीआरपी बनण्याची वाटच अडवतं, त्यामुळे आत संसर्ग असूनही आकडा देखणा दिसतो.

तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. अल्बुमिन मोजण्याच्या दोन रंगद्रव्य पद्धती आहेत, त्यांतली ब्रोमोक्रेसॉल ग्रीन पद्धत इतर प्रथिनांशीही थोडी जुळते, म्हणून दाह असताना ती ब्रोमोक्रेसॉल पर्पलपेक्षा जास्त आकडा दाखवते. लॅब बदलली आणि २.९ चं २.५ झालं, तर ती घसरण खरी नसेलही. दंडाला पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळून ठेवला तरी प्रथिनं वाढीव येतात, आणि बसून किंवा उभं राहून दिलेल्या नमुन्यात झोपून दिलेल्यापेक्षा जास्त.

रक्तातल्या कॅल्शियमचा मोठा भाग अल्बुमिनला चिकटलेला असतो, म्हणून कॅल्शियम कमी आलं तर घाबरण्याआधी दुरुस्त करून घ्या : ४ मधून अल्बुमिन वजा करा, ०.८ ने गुणा, आणि ते कॅल्शियममध्ये मिळवा. ७.६ कॅल्शियम आणि २.६ अल्बुमिन असेल तर दुरुस्त आकडा ८.७. शंका उरली तर आयोनाइज्ड (अल्बुमिनला न चिकटलेलं, मोकळं) कॅल्शियम तपासायला सांगा. वडील फिटसाठी फेनिटॉइन घेत असतील तर हेही लक्षात ठेवा की अल्बुमिन कमी असताना त्याचा मोकळा (प्रथिनाला न चिकटलेला) अंश वाढतो, आणि एकूण पातळी सामान्य दिसूनही झोक जाणं, डोळे थरथरणं सुरू होतं.

जेवणाने आजचा आकडा वाढणार नाही, पण स्नायू वाचतात, आणि दवाखान्यातून चालत बाहेर पडायला तेच लागतात. आजारपणात किलोमागे सुमारे १.२ ग्रॅम प्रथिनं धरा, ६० किलोला ७२ ग्रॅम. एका अंड्यात ६, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८, पेलाभर दुधात ६ ते ७, वाटीभर घट्ट वरणात ६-७ ग्रॅम. नुसतं वरणाचं पाणी आणि नारळपाणी यावर हे भागत नाही. भात-पोळी, तूपही हवं, नाहीतर खाल्लेली प्रथिनं जळणात जातात. धाप लागत असेल तर दर दोन तासांनी चार-पाच घास द्या. बायपॅपचा (दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) मास्क सतत असल्यामुळे दोन दिवस नीट खाणं झालं नसेल, तर नाकातून नळी टाकून फीड देता येईल का, हे स्वतःहून विचारा. राउंडच्या गडबडीत हीच गोष्ट हमखास मागे पडते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारा आकडा) वाढलेलं असेल तर प्रथिनांचं प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या, आपल्या मनाने तोडू नका.

लघवीची साधी तपासणीही एकदा करून घ्या, कारण कोरोनात मूत्रपिंडातून प्रथिनं जाऊ शकतात. घरी गेल्यावर अल्बुमिन दर आठवड्याला काढायची गरज नाही, तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरे. तेव्हा सीआरपी सामान्य असूनही अल्बुमिन ३.५ च्या खालीच असेल, तर लघवीतल्या प्रथिनांचं मोजमाप, प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ, यकृताच्या कामाचा अंदाज देणारा) आणि पोटाची सोनोग्राफी करून फिजिशियनना दाखवा.