ग्रहनिर्मितीवर पोस्टडॉक, मुलगी दुसरीत: जर्मनीला जावं का?

तुम्ही विचारलंय: ताऱ्यांभोवतीच्या, ज्यांतून ग्रह घडतात त्या वायू-धुळीच्या तबकड्यांवर जर्मनीत तीन वर्षांची पोस्टडॉक (पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी) मिळतेय, मुलगी दुसरीत आहे, नवऱ्याला नोकरी सोडावी लागेल, जावं का? व्हिसा, विमा, पगार ही माहिती सरकारी पानांवर नीट दिलेली आहे, ती इथे परत लिहीत नाही. मी याच विषयात, याच देशात बरीच वर्षं आहे. तुमचा प्रश्न वाचल्यापासून तोच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसले.

आधी कामाचं. निव्वळ डेटासाठी देश सोडायची गरज आता राहिलेली नाही. आल्मा या चिलीतल्या रेडिओ दुर्बिणीवरची निरीक्षणं तिथले कर्मचारीच घेतात. आपण प्रपोजल पाठवायचं, मंजूर झालं तर डेटा आपल्याकडे येतो आणि साधारण वर्षभराने तो जगाला खुला होतो. मात्र भारत आल्माच्या भागीदार देशांत नाही, त्यामुळे भारतातून स्वतःच्या नावावर वेळ मिळवणं फार कठीण जातं. आणि माणसांचं तर वेगळंच आहे. हायडेलबर्ग, गार्शिंग, किंवा नेदरलँड्समधलं लायडेन अशा ठिकाणी निरीक्षण करणारे आणि धुळीची गणितं मांडणारे रोज एकमेकांना भेटतात. २०१४ मध्ये आल्माने एचएल टाउरीची प्रतिमा दिली. साडेचारशे प्रकाशवर्षांवरचा, जेमतेम दहा लाख वर्षांचा तारा, आणि त्याच्या तबकडीत स्पष्ट कडी आणि काळ्या फटी! अशा फटी बहुधा घडणारे ग्रह पाडतात, पण एवढ्या लहान वयात ग्रह घडायला लागले असतील, अशी फार थोड्यांची अपेक्षा होती. पुढे वीस-तीस लाख वर्षांच्या तबकड्यांमधली धूळ मोजली, तर बऱ्याच ठिकाणी ती आपल्याला माहीत असलेले ग्रह घडवायला अपुरी निघाली. म्हणजे सुरुवात त्याही आधी, तारा अजून ढगाच्या वेष्टनात असतानाच होत असणार. ही चर्चा मी जेवणाच्या टेबलावर ऐकली. पेपर वाचून ती तशी कळली नसती. याच्यासाठी यायचं असेल तर जरूर या. देश दुय्यम आहे, ग्रुप बघा.

आता कागदपत्रं. करार वाढला की राहण्याचा परवानाही वाढवायचा असतो, आणि करार वाढल्याचं पत्र शेवटच्या महिन्यात हातात पडतं. आमच्या शहरातल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने भेटीची तारीखच दिली नाही. परवान्याची मुदत संपत आली, ईमेलला उत्तर नाही, आणि मी परदेशातल्या परिषदेसाठी निवड झालेलं भाषण सोडून घरी बसले. त्या भाषणात माझं मीटरभर आकाराच्या खड्यांवरचं काम होतं. वायूच्या अडथळ्यामुळे असे खडे वेग गमावतात आणि काही शतकांत ताऱ्यात जाऊन पडतात. ते वाचतात कसे, हा ग्रहनिर्मितीतला मोठा प्रश्न. ते काम दुसऱ्या कुणीतरी सादर केलं. अजून राग जात नाही.

पण खरा राग शाळेचा आहे. इथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात: गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) किंवा इतर शाळा, आणि प्राथमिक शाळा त्याची शिफारस देते. माझा आधीचा करार दुसऱ्या देशात संपला, म्हणून मुलगी तिसरीच्या मध्यात इथे आली. गणितात ती वर्गाच्या पुढे होती. बाईंनी तिचं जर्मन पाहिलं आणि शिफारस खालच्या शाळेची दिली. 'तिच्यावर ताण नको,' म्हणाल्या. नऊ वर्षांची मुलगी, भाषा शिकून वर्षही झालं नव्हतं! पुढे ती वाट बदलून गिम्नाझियमला गेली, चांगली शिकतेय. तरी ते पत्र मी फाडलेलं नाही.

एकटेपणा असतो. पहिल्या हिवाळ्यात जास्त, मग कमी. त्याचं फार मनावर घेऊ नका. माझ्या नवऱ्याला मात्र मी हे असं सांगू शकत नाही. त्याने काम सोडलं ते माझ्यासाठी, आणि इथे त्याच्या पदवीला मान्यता मिळेपर्यंत त्याच्या क्षेत्रातले लोक कुठल्या कुठे गेले. तो कधी बोलून दाखवत नाही. मला ते बोलून दाखवण्यापेक्षा जड जातं.

कायद्याने पीएचडीनंतर सर्वसाधारणपणे सहा वर्षं मुदतीच्या करारांवर काढता येतात, मुलामागे दोन वर्षं वाढू शकतात. मग कायमची जागा किंवा दुसरा देश. मीही सध्या त्याच उंबरठ्यावर आहे, आणि परत जायचं का, हे घरात अजून ठरलेलं नाही.

तरी माझं उत्तर हो आहे. पण यायचं तर याच उन्हाळ्यात, म्हणजे चौथीच्या आधी तिला भाषेसाठी वेळ मिळेल. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, तिथला ग्रुप जमत असेल तर तोही विचारा. सही करण्याआधी ग्रुपच्या प्रमुखांकडून दोन गोष्टी लेखी घ्या: करार वाढणार असेल तर किती महिने आधी कळेल, आणि नवऱ्याच्या पदवीच्या मान्यतेसाठी संस्थेतलं कोण मदत करेल. आणि नवऱ्याला, मुलगी जवळ नसताना, एकदा सरळ विचारा की त्याला खरंच यायचंय का.