गाडीचे ॲव्हरेज वाढवून इंधनावरचा खर्च कमी कसा करावा?

आपण विचारले आहे की, आपली मॅन्युअल गिअरची पेट्रोल गाडी लिटरला १२ किलोमीटरच्या पुढे जात नाही, कंपनीने मात्र १८ सांगितले होते. तेव्हा पेट्रोलमध्ये टाकायचे एखादे मिश्रण किंवा इंधन वाचवणारे उपकरण घ्यावे, की खर्च कमी करण्याचा दुसरा काही मार्ग आहे? माझे स्पष्ट मत असे आहे की, तूर्त काहीही विकत घेऊ नये. आपले बरेचसे पेट्रोल वारंवार ब्रेक लावण्यात, अनावश्यक वेगात आणि कमी हवेच्या टायरांत जात असण्याची शक्यता जास्त आहे, आणि ते रोखायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

आधी १८ या आकड्याविषयी. तो प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, ठरावीक क्रमाने वेग कमीजास्त करत काढलेला असतो आणि अशा अनेक चाचण्यांत एसी बंद असतो. दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी तो उपयोगी आहे, पण रोजच्या रहदारीत तो गाठण्याचा हट्ट धरू नये. तशी गरजही नाही. समजा, महिन्याला १००० किलोमीटर गाडी चालते. ॲव्हरेज १२ असेल तर सुमारे ८३ लिटर पेट्रोल लागते, १५ झाले तर सुमारे ६७ लिटर, आणि १८ झाले तर सुमारे ५६ लिटर. म्हणजे पहिल्या तीन किलोमीटरच्या सुधारणेत १६ लिटर वाचतात आणि पुढच्या तीनमध्ये केवळ ११. आपण आज ज्या पायरीवर आहात, तिथेच सर्वांत जास्त पैसा वाचण्यासारखा आहे, ही खरे तर चांगली बातमी आहे.

काहीही बदलण्यापूर्वी मोजमाप नीट करावे. टाकी पूर्ण भरून, नोझल आपोआप बंद झाल्यावर भरणे थांबवावे, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, आणि पुढच्या वेळी पुन्हा तशीच टाकी भरून मधले किलोमीटर भरलेल्या लिटरने भागावेत. एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये, कारण नोझल प्रत्येक वेळी अगदी त्याच पातळीला बंद होतेच असे नाही. तीन-चार टाक्यांची सरासरी घ्यावी. डॅशबोर्डवरचा आकडा कल पाहायला पुरेसा आहे, पण हिशेब टाकीवरूनच करावा.

आता मुख्य मुद्दा. सुमारे १२०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगापर्यंत नेताना तिच्यात जी गतिज ऊर्जा साठते, तेवढ्यासाठीच इंजिनाला ढोबळमानाने २० मिलिलिटर पेट्रोल जाळावे लागते, कारण पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. ब्रेक दाबला की ती सगळी ऊर्जा डिस्क आणि पॅड तापवण्यात संपते. अशा वेगावरून पन्नास वेळा ब्रेक लावून गाडी पूर्ण थांबवली, तर लिटरभर पेट्रोल केवळ ब्रेक तापवण्यासाठी जाळल्यासारखे होते. (हायब्रिड आणि विजेच्या गाड्या यातली काही ऊर्जा बॅटरीत परत घेतात; साध्या पेट्रोल गाडीला ती सोय नाही.) म्हणून शहरात ॲव्हरेज वाढवणे म्हणजे मुख्यतः ब्रेकची गरज कमी करणे, आणि ती कमी होते दूरवर नजर ठेवल्याने व पुढच्या गाडीपासून पुरेसे अंतर राखल्याने.

प्रत्यक्षात हे असे करावे. दोनशे मीटरवरचा सिग्नल लाल दिसला की त्याच क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढावा, पण गिअर तसाच राहू द्यावा आणि क्लच दाबू नये. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत या अवस्थेत इंजेक्टर पेट्रोल सोडणेच थांबवतात. चाकेच इंजिनाला फिरवत असतात, त्यामुळे तेवढ्या अंतरात खर्च शून्य असतो. क्षणाचे ॲव्हरेज दाखवणारी पट्टी गाडीत असेल, तर ती त्या वेळी शेवटच्या टोकाला जाऊन टेकलेली दिसेल. इंजिनाचे फेरे मिनिटाला हजार-बाराशेच्या आसपास उतरले की इंजेक्टर पुन्हा सुरू होतात. तोवर एक गिअर खाली घ्यावा. अनेकदा आपण सिग्नलजवळ पोहोचेपर्यंत तो हिरवा झालेला असतो, आणि चालत्या गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये पुढे नेणे हे तिला शून्यावरून उठवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

उतारावर गाडी न्यूट्रल करावी, असा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. तो कृपया ऐकू नये. न्यूट्रलमध्ये इंजिन स्वतःच्या बळावर फिरत राहते आणि पेट्रोल जाळते, तर गिअरमध्ये ठेवून उतरणारी गाडी ते जाळत नाही, शिवाय इंजिनाचा अटकाव मिळाल्याने ब्रेकवरचा ताण कमी होतो. उतारावर इंजिनच बंद करणे तर जिवावर बेतू शकते, कारण ब्रेकला मिळणारे साहाय्य दोन-तीनदा पेडल दाबताच संपते आणि चावी मागे फिरली तर स्टिअरिंगही लॉक होऊ शकते.

वेग घेताना अगदी मुंगीच्या पावलांनी जाण्याची आवश्यकता नाही. मध्यम दाब देऊन लवकर वरचा गिअर घ्यावा, कारण तीच शक्ती कमी फेऱ्यांत निर्माण केली तर इंजिनातले घर्षण आणि हवा ओढण्यात जाणारी ताकद दोन्ही कमी होतात. मात्र इंजिन अडखळू लागले किंवा गाडी हादरू लागली, तर गिअर फार वरचा झाला आहे असे समजून तो उतरवावा.

महामार्गावर सगळा खेळ हवेच्या विरोधाचा असतो. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास प्रत्येक किलोमीटरला हवा कापण्यासाठी दीडपटीहून अधिक ऊर्जा लागते. शंभर किलोमीटरच्या प्रवासात त्या मोबदल्यात वाचतात ती पंधरा मिनिटे, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. टपावरचा रिकामा कॅरिअरही याच कारणासाठी उतरवून ठेवावा. डिकीतले निरुपयोगी ओझेही काढावे, पण त्याचा परिणाम तुलनेने लहान असतो: साधारण ४५ किलोमागे एक टक्का.

टायरची हवा महिन्यातून किमान एकदा, गाडी सुरू करून फार अंतर जाण्याआधी, म्हणजे टायर थंड असताना तपासावी. योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील किंवा पेट्रोलच्या झाकणामागील स्टिकरवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा कमाल दाब असतो, तेवढी हवा भरायची नसते. ॲव्हरेजसाठी मुद्दाम जास्त हवा भरण्याच्या मी विरोधात आहे, कारण टायरची रस्त्यावरची पकड कमी होते आणि टायर मध्यभागी लवकर झिजतो.

एसीचा भार खराच असतो, विशेषतः कडक उन्हात आणि लहान फेऱ्यांत. तापलेली गाडी आधी काचा उघडून हवेशीर करावी, मग एसी लावावा. वेगात असताना मात्र काचा बंद ठेवून एसी चालवणेच परवडते. कोणाची वाट पाहत थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे, मात्र चालत्या रहदारीत नव्हे. जवळजवळची कामे एकाच फेरीत केल्यास दुहेरी फायदा होतो, कारण थंड इंजिन पहिल्या काही किलोमीटरपर्यंत जास्त पेट्रोल घेते.

उपकरणे आणि मिश्रणांबाबत: अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन बचतीचा दावा करणारी शंभराहून अधिक उपकरणे तपासली, पण त्यांतल्या एकाही उपकरणाने लक्षणीय बचत केल्याचे तिला आढळले नाही. महागडे, जास्त ऑक्टेनचे पेट्रोलही गाडीच्या पुस्तिकेत सांगितले नसेल तर घेऊ नये. एअर फिल्टर बदलल्याने ॲव्हरेज वाढते ही समजूतही जुन्या कार्ब्युरेटरच्या (फ्युएल इंजेक्शनपूर्वी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) काळातली आहे. तिथल्याच ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ सालच्या अहवालानुसार फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत तुंबलेल्या फिल्टरने ॲव्हरेज फारसे घटत नाही, गाडीचा उठाव कमी होतो. फिल्टर वेळेवर बदलावा, पण त्या आशेने नव्हे.

एवढे करून तीन-चार टाक्यांनंतरही आकडा हलला नाही, तर बिघाड शोधावा. पहिली तपासणी आपण स्वतः करू शकता: ब्रेक शक्य तितका कमी वापरून थोडे अंतर गाडी चालवावी, सपाट जागी थांबावे आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ, स्पर्श न करता, हात न्यावा. एखादे चाक इतरांहून ठळकपणे गरम लागले तर तिथला ब्रेक चिकटत आहे, आणि तो दुरुस्त करणे सुरक्षिततेसाठीही तातडीचे आहे. त्यानंतर मेकॅनिककडून व्हील अलाइनमेंट (चाकांची सरळ रेषा), ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग) आणि थर्मोस्टॅट (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा प्रवाह तापमानानुसार उघडबंद करणारी झडप) तपासून घ्यावेत. सेन्सर बिघडला तर इंजिनाला गरजेहून जास्त पेट्रोल जात राहते, आणि थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर इंजिन पुरेसे तापत नाही. तापमानाचा काटा बराच वेळ गाडी चालवूनही खालीच राहत असेल, तर मेकॅनिकला ते आवर्जून सांगावे.