तासाभराने आपोआप बंद पडणारा डेस्कटॉप: मदरबोर्ड बदलायच्या आधी हे बघा

मदरबोर्डवर एवढ्यात एक रुपयाही घालू नका. तुम्ही लिहिलंय त्यातच बरंचसं उत्तर आहे: सकाळी मशीन तासभर नीट चालतं, मग निळा स्क्रीन नाही, सूचना नाही, लाइट गेल्यासारखं खटकन बंद. लगेच सुरू केलं की दहा मिनिटांत पुन्हा तेच. विंडोज नव्याने टाकूनही फरक नाही. थंड मशीन तापायला तास लागतो, तापलेल्याला दहा मिनिटं पुरतात. त्यामुळे माझा पहिला संशय उष्णतेवर आहे. प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या घरात गेला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरीही तापत राहिला तर जळू नये म्हणून वीजच तोडायला लावतो. विंडोजला आवरायलाही वेळ मिळत नाही.

इव्हेंट व्ह्यूअर म्हणजे विंडोजची नोंदवही; त्यातली 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद बघून घाबरू नका. मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच ती सांगते. कारण सांगत नाही.

आता एक करा. मशीन बंद पडलं की लगेच सुरू करून डिलीट किंवा एफ२ दाबत बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) जा आणि प्रोसेसरचं तापमान बघा. तिथे काहीच काम चालू नसतं, तरी आकडा ८५-९० दिसला आणि वर सरकत राहिला तर दुखणं सापडलं. बायोसच्या स्क्रीनवरच मशीन बंद पडलं, तर विंडोजचा यात काही संबंध नाही हेही कळलं.

माझं डीटीपीचं काम आहे. ऐन लग्नसराईत, पत्रिकांचा ढीग समोर असताना माझं मशीन असंच पडायला लागलं. दुरुस्तीवाल्याने एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदलला, मग रॅम बदलली, पैसे गेले आणि मशीन पडतच राहिलं. शेवटी मी कॅबिनेट उघडलं. पंखा फिरत होता, वरून स्वच्छही दिसत होता. तो हीटसिंकवरून (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावरून) सोडवला, तर खाली पत्र्यांच्या फटींवर धुळीचा थर घोंगडीसारखा बसलेला. चिमटीत धरला तर अख्खा उचलून आला! शिवाय हीटसिंक मदरबोर्डला धरून ठेवणाऱ्या चार पिनांपैकी एक निसटलेली, त्यामुळे हीटसिंक त्या कोपऱ्यात उचललेलं. म्हणून सांगतो, पंखा फिरतोय यावर समाधान मानू नका, त्याच्या खाली बघा.

साफ करताना मशीन बंद करून प्लग काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरू देऊ नका. हीटसिंक काढलंच तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली, उष्णता पुढे नेणारी जुनी, खडूसारखी सुकलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी थर्मल पेस्ट प्रोसेसरच्या मधोमध मटारच्या लहान दाण्याएवढी लावा. जास्त लावून फायदा नाही. इंटेलच्या खोक्यात येणारा कूलर असेल तर पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांत जोडीने दाबा, प्रत्येक पिनेचा 'टक' आवाज यायला हवा. पिनेवरचा बाण सोडवण्याची दिशा दाखवतो, बसवण्याची नाही. इथे पुष्कळजण फसतात.

तापमान ठीक निघालं तर यूपीएस बाजूला काढून मशीन एक दिवस थेट भिंतीतल्या सॉकेटवर चालवा. यूपीएसची बॅटरी गेलेली असली की व्होल्टेज जरा खाली आलं तरी मशीन पडतं. मशीन जड कामातच बंद होत असेल आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय बटणाला दादच देत नसेल, तर एसएमपीएसवर संशय घ्या. तो दुसरा लावून बघायचा. उघडायचा मात्र कधीच नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा चार्ज राहू शकतो.

आणखी एक जागा सहसा कोणी बघत नाही. पुढचं पॉवर बटण आत अडकून राहिलं, तर चार-पाच सेकंद दाबून धरल्यासारखं होतं आणि मशीन बंद होतं. मशीन सुरू झाल्यावर मदरबोर्डवरची पॉवर स्विचची दोन पिनांची वायर हलकेच काढून ठेवा. मग मशीन पडलं नाही, तर दोष बटणात.

बायोसमधला आकडा आणि प्रोसेसरचं मॉडेल इथे लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.