कंपनी नव्हे, इंजिन बघा: दुचाकीधारकांचे प्रश्न

‘कोणत्या कंपनीची गाडी सगळ्यात जास्त टिकते?’ हा वाद आमच्या टपालात वर्षभर चालूच असतो. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत.

मनीषनगर ते बुटीबोरी एमआयडीसी असं रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. आमच्या शिफ्टमध्ये तीन गट आहेत: स्प्लेंडर, पल्सर आणि बुलेट. प्रत्येकाला आपलीच कंपनी भरवशाची वाटते. खरं कोणाचं?
— एक वाचक, मनीषनगर

तिघेही कंपनी तोलताहेत. तोलायचं असतं ते इंजिन, आणि तेही कोणत्या सालचं ते पाहून. रॉयल एन्फिल्डचंच घ्या. जुन्या बुलेटचं बीडाचं (कास्ट आयर्नचं) इंजिन वेगळं, २००९पासून क्लासिकला आलेलं यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन) वेगळं आणि २०२०मध्ये मीटिऑरबरोबर आलेलं जे-सीरिज त्याहून वेगळं. जुन्या बुलेटला ऑइल गळणं आणि टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) सेट करणं नेहमीचंच. यूसीईमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आले, त्यामुळे ती कटकट संपली, पण बॅटरी अशक्त असताना सेल्फ मारत राहिलं की इंजिन उलटा झटका देतं आणि सेल्फची ताकद इंजिनाला देणारा स्प्रॅग क्लच मार खातो. जे-सीरिजला किकच नाही. म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात त्या गाडीचा भरवसा बॅटरीवर. मल्टिमीटर लावून बघा: रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि इंजिन चढ्या आरपीएमवर असताना १३.८ ते १४.५. आकडा १५च्या वर गेला तर चार्जिंगचा दाब आवरणारा रेक्टिफायर बॅटरी उकळवतोय असं समजा.

स्प्लेंडर १९९४ची, ९७.२ सीसी. इंजिनाची मूळ ठेवण फारशी बदलली नाही, म्हणून तिचं सामान तालुक्याच्या दुकानातही मिळतं आणि तिचं काम कोणत्याही मिस्त्रीच्या हातचं असतं. तिचा टिकाऊपणा बराचसा यातच आहे. पण वर्धा रोडला मागे माणूस बसवून सत्तरच्या पुढे रोज पळवली तर ती सतत ताकदीच्या टोकाला चालते, आणि टायमिंग चेन लवकर वाजू लागते. पल्सर १५० डीटीएस-आयला दोन प्लग. एक मेला तरी गाडी चालते, म्हणून मालकाला कळत नाही. पिकअप आणि ॲव्हरेज पडतं आणि दोष कंपनीला जातो. सर्व्हिसिंगला दोन्ही प्लग बदललेत का, हे समोर उभं राहून बघा.

तुमच्या वापराला आमचं मत १२५ सीसीच्या बाजूनं. वर्षाला पंधराएक हजार किलोमीटर होणार, त्यात एमआयडीसीची धूळ. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना पूर्ण चेनकव्हर असतं. उघड्या चेनवर धूळ आणि ग्रीस मिळून पॉलिश पेपरसारखं काम करतं. एअर फिल्टर मात्र पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरच्या निम्म्यावरच तपासा.

माझी कार्बोरेटरची १५० सीसी गाडी एप्रिल-मेमध्ये दुपारी सीताबर्डीच्या सिग्नलवर बंद पडते. अर्ध्या तासानं जणू काहीच झालं नाही अशी चालू होते. वर्कशॉपमध्ये दोनदा कार्बोरेटर साफ झाला. मित्र म्हणतात, ही कंपनीच टाकाऊ. विकून टाकू का?
— एक वाचक, प्रतापनगर

विकू नका. तापल्यावर बंद आणि निवल्यावर चालू, यात दोनच शक्यता मोठ्या: पेट्रोल पोहोचत नाही किंवा स्पार्क जातो. हा दोष गाडी बंद पडते त्या जागीच सापडतो. वर्कशॉपपर्यंत ढकलत नेईस्तोवर ती निवते आणि मिस्त्री बिचारा पुन्हा कार्बोरेटरच धुतो. प्लगचा पाना आणि एक चांगला प्लग जवळ ठेवा.

गाडी बंद पडली की आधी टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली आणि मिनिटभरात गाडी चालू झाली, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. बारीक तार फिरवा, काम झालं. तसं नसेल तर कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल छोट्या बाटलीत घ्या; तापलेल्या सायलेन्सरवर थेंबही पडू देऊ नका. धार सलग हवी. थोडं येऊन थेंब-थेंब पडू लागलं तर टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकची जाळी किंवा पाइप चोंदलाय.

पेट्रोल ठीक असेल तर प्लग काढा. तो ओला असेल तर पेट्रोल येतंय, स्पार्क जातोय. जवळचा चांगला प्लग टोपीत बसवा, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या पात्याला घट्ट टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून मात्र लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. कडक निळा स्पार्क हवा. पिवळट, मरतुकडा दिसला किंवा दिसलाच नाही, तर संशय मॅग्नेटजवळच्या पिकअप कॉइलवर आणि इग्निशन कॉइलवर. आतली केसासारखी तार तापून फैलावते, तुटक होते आणि निवल्यावर पुन्हा जुळते. म्हणून कॉइलचा रेझिस्टन्स गार असताना एकदा आणि गाडी बंद पडल्याक्षणी एकदा मोजायचा.

हे दोन्ही ठीक निघालं तर टॅपेट बघा. ‘टॅपेटचा आवाज बंद करा’ असा हट्ट गिऱ्हाईक धरतं, मिस्त्री गॅप कमी करतो, गाडी गप्प होते. पण इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो, गॅप उरत नाही, व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. मग सिग्नलला आयडलवर इंजिन मरतं. असंच चालवत राहिलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. गॅप इंजिन पूर्ण गार असताना, पुस्तिकेतल्या मापाच्या फिलर गेजनंच (फट मोजायच्या पातळ पट्टीनं) सेट करायचा. अंदाजानं नाही. हलकी टिकटिक ऐकू येणारी गाडी गप्प गाडीपेक्षा चांगली.

उन्हाळ्यात जाड ऑइल टाकावं का?
— एक वाचक, कामठी

नाही. पुस्तिकेत आहे तोच ग्रेड: स्प्लेंडर आणि शाइनला १०डब्ल्यू-३०, क्लासिकला १५डब्ल्यू-५०. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (दुचाकीच्या ऑइलचा दर्जा) लिहिलेलं हवं. कारचं ऑइल टाकलं तर क्लचप्लेटा घसरू शकतात. उन्हाळ्यात ग्रेडपेक्षा पातळी महत्त्वाची, गाडी सरळ उभी करून दर आठवड्याला बघा.

एमएच-३१ पासिंगची एक गाडी बरीच स्वस्त मिळतेय. सप्टेंबर २०२३मध्ये अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन पूर आला, तेव्हा ती पाण्यात होती अशी कुजबुज आहे. चालवून पाहिली तर छान चालते. कंपनी नावाजलेली आहे. घ्यावी का?
— एक वाचक, महाल

पुरात बुडालेल्या गाडीला कंपनीचं नाव वाचवत नाही. अशी गाडी चालते छान, दगा देते ती वायरिंगमधून, तोही वर्ष-दोन वर्षांनी.

सकाळी इंजिन गार असताना जा. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर परत या. सीट काढा आणि वायरिंगचे कपलर सोडून बघा. पितळी पिनांवर हिरवट थर दिसला तर तिथंच नमस्कार. हेडलाइटच्या आत, मीटरच्या काचेमागे, एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाला चिखलाची बारीक रेघ शोधा. बाहेरून धुतात, इथे हात पोहोचत नाही. ऑइल पाहायच्या झाकणाला आतून दुधाळ साय असेल तर इंजिनात पाणी होतं किंवा आहे. मेन स्टँडवर लावून दोन्ही चाकं फिरवा, खरखर म्हणजे बेअरिंग गेलं. पुढचं चाक उचलून हँडल हळूच डावी-उजवीकडे न्या. मध्यावर अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट (हँडलचं बेअरिंग) गेलाय.

मग किक. पहिल्या काही सेकंदांतच निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे ऑइल सील, ते काम आटोपशीर असतं. ॲक्सिलरेटर देताना धूर येतच राहिला तर रिंग-पिस्टन आणि बोअर, म्हणजे मोठा खर्च. शेवटी चॅसिस आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.